दहा तासांचा रस्ता, तेहतीस दिवसांचा प्रवास 🚐

कॅम्परव्हॅनवेड्यांनो, ही सफर माहीत असायलाच हवी!

पॅरिस ते मार्से हे अंतर साधारण ८०० किलोमीटर. एक्सप्रेसवेने दिवसभरात आरामात पोहोचता येतं. अर्जेंटिनाचे थोर लेखक हुलिओ कोर्तासार आणि त्यांची लेखिका-छायाचित्रकार पत्नी कॅरोल डनलॉप यांनी १९८२ साली त्यासाठी चक्क ३३ दिवस घेतले! मे महिन्यात निघाले, जूनमध्ये पोहोचले.

त्यांनी स्वतःला घालून घेतलेले नियम:

🔸 मार्सेपर्यंत एक्सप्रेसवे सोडायचा नाही.
🔸 वाटेतल्या प्रत्येक विश्रांतिथांब्यावर थांबायचं. रोज दोन थांबे, दुसऱ्यावर मुक्काम.
🔸 पाहिलेलं सगळं टिपून त्याचं पुस्तक करायचं.

गाडी होती लाल फोक्सवॅगन कॅम्पर. वाग्नरच्या ऑपेरातल्या ड्रॅगनवरून तिचं नाव ठेवलं होतं ‘फाफनर’. ताजा शिधा मित्रमंडळी वाटेत आणून देत. नोंदी तर जुन्या दर्यावर्दींच्या थाटात: तापमान किती, जेवणात काय, गाडीचं तोंड कोणत्या दिशेला! ज्या जागी बाकीचे पाच मिनिटं पाय मोकळे करून निघून जात, तिथे हे दोघं झाडाखाली टाइपरायटर मांडून बसत.

कॅरोल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारली, अवघ्या ३६ व्या वर्षी. पुस्तक कोर्तासार यांनी एकट्याने पूर्ण केलं; ते १९८३ मध्ये आलं. मानधन दोघांच्या ठरावानुसार निकाराग्वाच्या जनतेला दिलं.

इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे: ‘ऑटोनॉट्स ऑफ द कॉस्मोरूट’. जरूर वाचा!