दर ठरवणारा दिसेनासा झाला

२०१६ साली गणेश चतुर्थी ५ सप्टेंबरला होती. त्याच दिवशी जिओची सेवा सुरू झाली आणि स्वस्त इंटरनेट खेडोपाडी पोहोचायला लागलं. अष्टविनायकांतला रांजणगावचा महागणपती ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या पूर्व अंगाला, घोड आणि भीमा यांच्या बेचक्यात मांडवगण फराटा आहे. भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. या पट्ट्यातल्या तरुणांच्या कामाची गोष्ट सांगायची तर त्या चतुर्थीपासून सुरुवात करावी लागते. ओला २०१० मध्ये निघाली होती, उबर २०१३ मध्ये भारतात आली, स्विगी २०१४ मध्ये सुरू झाली आणि झोमॅटोने २०१५ मध्ये घरपोच जेवण द्यायला घेतलं. पुण्यात काम तयार होतं. त्या कामाशी जोडून देणारा फोन आणि परवडणारा डेटा गावातल्या पोराच्या हातात आला तो २०१६ नंतर. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, रोकड आटली, आणि पैसे फोनवरून येऊ-जाऊ शकतात हे गावानेही नाइलाजाने शिकून घेतलं.

त्याला आता दशक होत आलं. या काळात अशा सुट्ट्या कामासाठी ‘गिग’ हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला आणि हे सगळं नवं युग आहे, असं बोललं जाऊ लागलं. मला ते पुरतं पटत नाही. सुट्टं काम, तुकड्यावरचं काम, हंगामापुरतं काम या भागाने पिढ्यान् पिढ्या केलं आहे. म्हणून हा मागोवा घेताना मी एकच प्रश्न हाताशी धरणार आहे: कामाचा दर कोण ठरवतं?

मांडवगणच्या शेजारी, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे उत्खनन केलं आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. त्या वस्तीत कुंभार, सोनार, मणी घडवणारे, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरं ओळखता आली. ही घरं वस्तीच्या पश्चिम कडेला होती. हाताच्या कामावर जगणाऱ्यांना कडेची जागा, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे. आज याच भागातला मुलगा पुण्यात पार्सल पोहोचवायला जातो, तेव्हा त्याला परवडणारी खोलीही वाघोलीच्या पुढे, शहराच्या कडेलाच मिळते.

त्यानंतरच्या काळात बलुतं आलं. सुतार, लोहार, चांभार, न्हावी वर्षभर काम करत आणि खळ्यावर धान्याच्या रूपात बैतं घेत. त्यात जातीची बेडी होती, अपमान होता, आणि ते मोडलं हे उत्तमच झालं. शेतावर सालगडी असे. त्याचं साल पाडव्याला ठरे. पुढे रोजंदारी आली आणि रोजंदारीच्या जोडीला उक्तं. उक्तं म्हणजे ठरावीक कामाचा ठरावीक आकडा, मग ते दोन दिवसांत उरका नाहीतर चार. कांद्याची लागण आजही या भागात बायकांच्या टोळ्या एकराच्या हिशोबाने उक्ती घेतात. टोळीतली एखादी अनुभवी बाई वावर बघते, वाफे बघते, रोप किती दाट लावायचं ते विचारते आणि आकडा सांगते. मालक घासाघीस करतो. कधी तीच दुसऱ्या वावराकडे निघून जाते. लागणीची घाई असते तेव्हा तिचं पारडं जड असतं आणि ते दोघांनाही ठाऊक असतं. हे शंभर टक्के फ्रीलान्स काम आहे, फक्त त्याला तसं कुणी म्हटलं नाही.

दौंड तालुक्यात केडगाव, खुटबावच्या बाजूला गुऱ्हाळं आहेत. तिथला गुळव्या हाही असाच. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे ज्याच्या नजरेला कळतं, त्याला शोधत माणसं येतात. लग्नाचं शूटिंग करणारा, जेसीबी चालवणारा, ड्रोनने फवारणी करून देणारा पोरगा ही त्याच घराण्यातली नवी पाती. त्यांचा धंदा मंदावतो, उधारी बुडते, पण गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि दर त्यांच्या तोंडून निघतो.

ऊसतोडीचं तसं नाही, आणि आजच्या ॲपच्या कामाशी सगळ्यात जवळचं नातं ऊसतोडीचंच आहे. न्हावऱ्याचा रावसाहेबदादा पवार घोडगंगा कारखाना आणि पाटसचा भीमा कारखाना यांच्यामुळे हा पट्टा उसाचा झाला. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून टोळ्या येत, वावराच्या कडेला कोप्या पडत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उन्हाळ्यात घेतलेली उचल हंगामभर टनावारी फेडायची. खाडा झाला की पैसे कापले जाणार. बैल आपले, वैरण आपली, बैल मेला तर नुकसानही आपलंच. आणि कागदावर मात्र तोडकऱ्याचा मालक कोण हे कधी स्पष्ट लिहिलेलं नसे. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवी आणि मुकादम कारखान्याकडे.

आता शेजारी आजच्या रायडरला उभं करा. मोटारसायकल त्याची, पेट्रोल त्याचं, फोन त्याचा, पंक्चरही त्याचंच. उचल मुकादमाची नसते, पण गाडीचा हप्ता फायनान्स कंपनीचा असतो. ठरलेल्या तासांना लॉगिन केलं नाही तर इन्सेन्टिव्ह जातो. तो आजचा खाडा. कंपनी त्याला ‘पार्टनर’ म्हणते. भागीदार म्हटलं की पगार, प्रॉव्हिडंट फंड, अपघाताची भरपाई या कशाचीच जबाबदारी राहत नाही.

एक फरक मात्र फार मोठा आहे. ऊसतोड मजुरांचा दर टनाला किती, हे साखर संघ आणि मजूर संघटना समोरासमोर बसून ठरवतात. त्यासाठी संप झाले, कोयता बंद ठेवला गेला. जानेवारी २०२४ मध्ये अशाच वाटाघाटींतून दर ३४ टक्क्यांनी वाढला. तो पुरेसा आहे का, यावर वाद होऊ शकतो. पण दर ठरवणारी माणसं दिसतात, त्यांची नावं पेपरात येतात, त्यांच्या दारात जाऊन बसता येतं. रायडरच्या फोनवरचा दर मात्र पावसात वेगळा, रात्री वेगळा, गेल्या महिन्यात वेगळा असतो. तो कुणी बदलला, का बदलला, हे विचारायला दार नाही. आयडी बंद झाला तर समोर माणूस नसतो, छापील उत्तर देणारी चॅटची खिडकी असते. दशकभरात जे खरोखर बदललं ते हेच.

तरीही पोरं या कामाकडे वळली, आणि त्यात त्यांचा शहाणपणा आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला की तुटायला पंधरा ते अठरा महिने लागतात. तुटल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, पण बिलाची वाट पाहणं या भागाच्या अंगवळणी पडलेलं आहे. त्यात कारखानेच अडखळले. भीमा पाटस काही हंगाम बंद राहून २०२२ मध्ये भाड्याने चालवायला गेला. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शिरूरमध्ये घोडगंगा बंद असल्याचा प्रश्न प्रचाराच्या केंद्रस्थानी होता. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत काम होतं, पण ठेकेदाराच्या हाताखालचं. काही महिने झाले की ब्रेक. भावकीत वाटण्या होऊन वावर लहान झालं. पोलीस भरतीची, रेल्वेची तयारी करताना वर्षं निघून जातात आणि जाहिरात कधी निघेल ते सांगता येत नाही. गावात दर दहा दिवसांनी हमखास येणारा पैसा एकच, दुधाचा पगार. अशा घरातल्या मुलाला दर आठवड्याला खात्यात पैसे देणारं काम मिळालं, तेही मुलाखत, वशिला यांच्याशिवाय, तर तो ते घेणारच. जात विचारली नाही, ओळखपाळख विचारली नाही, हेही कमी नाही. ही बाजू नाकारून पुढचं बोलणं अप्रामाणिक ठरेल.

२५ मार्च २०२०ला टाळेबंदी लागली तेव्हा शहरातली पोरं गावाकडे परतली. पण घरपोच वस्तूंची सेवा अत्यावश्यक ठरली आणि काही महिन्यांत जी कामं सगळ्यात आधी परत सुरू झाली, त्यांत ही होती. कंपनीतून कमी झालेला, हॉटेल बंद पडलेला, कॉलेज ऑनलाइन झालेला, असे सगळे एकाच रांगेत आले. रांग वाढली की दर घसरतो, हे बाजार समितीत कांदा घेऊन गेलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

जून २०२२ मध्ये नीती आयोगाने पहिल्यांदा देशाचा अंदाज मांडला: २०२०-२१ मध्ये गिग कामगार ७७ लाख, आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख. देशाच्या या आकड्यात मांडवगणचा मुलगा वेगळा दिसत नाही. गावाला तो दिसतो यात्रेला, पोळ्याला, नाहीतर अपघाताची बातमी आली म्हणून. रात्री उशिरा काम संपवून घरी यावं, तर उसात बिबट्या आहे. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत बिबट्याने माणसं मारली आहेत आणि रात्रीचा शेतरस्ता आता कुणी सहज धरत नाही. म्हणून खोली घ्यावी लागते आणि कमाईचा एक मोठा तुकडा भाड्यात जातो.

घरातल्या बायकांच्या वाट्याला या दशकातलं ॲपचं काम फारसं आलंच नाही. गाडी, लायसन्स, स्वतःचा फोन, रात्री बाहेर राहायची मुभा, यातलं एकही त्यांच्याजवळ सहज नसतं. त्यांच्या वाट्याला आलेलं तुकड्यावरचं नवं काम सरकारने दिलं. २००५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून गावोगाव आशा ताई आल्या. प्रसूतीमागे, लसीकरणामागे, सर्वेक्षणामागे त्यांना मोबदला. आणि नाव ‘स्वयंसेविका’. कामगार म्हणायचं नाही, म्हणजे वेतन द्यावं लागत नाही. ‘पार्टनर’ हा शब्द कंपन्यांनी आणण्याआधी सरकारने हीच वाट चोखाळली होती. पण आशा ताई एकत्र आल्या. २०२३ चा त्यांचा संप राज्याने पाहिला आणि त्यानंतर मोबदल्यात वाढ मिळाली. एकेकट्या घरोघर फिरणाऱ्या बायका संघटित होऊ शकतात, याचा हा पुरावा आपल्या गल्लीतला आहे.

कायद्याची वाटचाल संथ होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हा शब्द देशाच्या कायद्यात पहिल्यांदा आला. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. ती संहिता लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडावं लागलं. मधल्या काळात राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतःचे कायदे केले, व्यवहारामागे कल्याण शुल्काची तरतूद केली. दरम्यान महाराष्ट्रात जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयात बाइक टॅक्सीचा प्रश्न गेला आणि परवाना नसलेली सेवा थांबली. तेव्हा ज्यांचा रोजगार गेला त्यांचं पुढे काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, कारण ते कुणाचे कामगारच नव्हते.

खरं तर या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने फार आधी शोधलं होतं. पुण्यात बाबा आढावांनी १९५५ मध्ये हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं. या हमालांना एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. त्यांची अडचण आणि आजच्या रायडरची अडचण एकच आहे: काम अनेकांचं, जबाबदारी कुणाचीच नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यातून वाट काढली. हमालाची नोंदणी मंडळाकडे, मालकाची नोंदणीही मंडळाकडे. मजुरी मंडळात जमा, तिच्यावर मालकाने लेव्ही भरायची, आणि त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. मालक बदलत राहिला तरी हमालाचा हक्क त्याच्या नोंदणी क्रमांकाबरोबर चालतो. ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं, तेव्हाही उसाच्या टनामागे रक्कम घेण्याचंच तत्त्व स्वीकारलं गेलं. म्हणजे पाठीवर पोतं वाहणाऱ्यासाठी आणि कोयता चालवणाऱ्यासाठी जे शक्य झालं, ते पाठीवर जेवणाची पिशवी वाहणाऱ्यासाठी अशक्य नाही. उलट इथे प्रत्येक खेप, प्रत्येक रुपया, प्रत्येक मिनिट आधीच संगणकात नोंदलेलं आहे. माथाडी मंडळाला जी नोंद हाताने ठेवावी लागली, ती इथे आपोआप तयार होते.

म्हणून दोन गोष्टी मागाव्या लागतील. महाराष्ट्राने माथाडी कायद्याच्या धर्तीवर ॲपवरच्या कामगारांचा कायदा करावा, आणि त्यात दर कसा ठरतो ते उघड सांगण्याची आणि आयडी बंद करण्याआधी ऐकून घेण्याची सक्ती असावी. दुसरी गोष्ट घरच्यांसाठी. आपला मुलगा या कामावर असेल तर त्याची सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंद करून घ्या, दर आठवड्याच्या हिशोबाची प्रत जपून ठेवायला सांगा, आणि संघटनेच्या बैठकीला तो निघाला तर त्याला अडवू नका. उचलीचा हिशोब वहीत न ठेवणाऱ्या तोडकऱ्याचं काय होतं, हे या गावाने आपल्या बांधावरच पाहिलेलं आहे.

मांडवगणचा कांदा मार्केट यार्डात जातो, तेव्हा शेतकऱ्याच्या हातातल्या पट्टीवर हमालीचा रकाना असतो. त्या रकान्यामागे एक कायदा आहे आणि त्या कायद्यामागे बाबा आढाव आणि अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांची हयात आहे. आपल्या मुलाच्या फोनवरच्या हिशोबातही त्याच्या म्हातारपणाचा आणि अपघाताचा रकाना असला पाहिजे. तो मागायला आपण उशीर करू नये.