पिवळ्या मारबतीचे पिवळेपण

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारीतील नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी या दोन मारबतींची, म्हणजे मिरवणुकीने आणलेल्या भव्य मूर्तींची, भेट होते, आणि मिरवणुकीच्या अखेरीस दोघींचेही दहन होते. त्यामुळे त्या वर्षीच्या मूर्तीचा रंग पुढील पिढीपुढे रुजू करणारा दस्तऐवज छायाचित्रावाचून दुसरा उरत नाही. म्हणूनच गेल्या काही दशकांत या दस्तऐवजातील रंगाची काय गत झाली, हे पाहणे मला अगत्याचे वाटते.

फिल्मच्या काळात रंगाची अखत्यारी बव्हंशी फिल्म आणि प्रयोगशाळा यांच्याकडे होती. १९९० साली फुजीच्या वेल्व्हिया फिल्मने गडद रंगांची गोडी लावली, त्याच वर्षी फोटोशॉपही बाजारात आले. आणि पुढे डिजिटल कॅमेरे हाती आल्यावर वर्णसंपृक्तता, म्हणजे सॅच्युरेशन, वाढवण्याची मुभा ज्याला त्याला मिळाली. तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे भाद्रपद प्रतिपदेचे, आभाळ बहुधा भरलेले असते, त्या प्रकाशात चित्र मलूल उतरते, आणि मग सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे सरकते, हे स्वाभाविकच होते.

परंतु या मोहाचा पहिला बळी पिवळा रंग ठरला. पडद्यावरील पिवळा तांबड्या व हिरव्या प्रकाशाने सिद्ध होतो, त्यात निळा मुळातच अल्प; संपृक्तता वाढताच निळ्याचा अंक शून्याला टेकतो, तांबडा २५५ ची मर्यादा गाठतो, आणि मूर्तीच्या गालाचा उठाव, हनुवटीखालची छाया, रंगाखालून डोकावणारा कागदाचा जोड, हा सारा तपशील एका सपाट पिवळ्या डागात विरून जातो. कापडबाजारात साडीचा रंग चित्राशी जुळला नाही तर गिऱ्हाईक माल परत करते. जळून गेलेल्या मारबतीच्या वतीने तक्रार कोण नोंदवणार?

२००७ साली लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायब्रन्सची सोय आली. ती फिक्या रंगांना अधिक उचलते, आधीच गडद असलेल्यांना बेताने आणि त्वचेच्या छटांना जपून हाताळते. त्यामुळे गर्दीतील माणसांचे चेहरे नारिंगी होण्यापासून पुष्कळसे वाचले. माझ्या मते या कामी तीच अधिक विवेकी. आणि पिवळ्यापुरते सॅच्युरेशन किंचित उतरवून ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, सांभाळला, तर मूर्तिकाराच्या हाताचे काम चित्रात टिकते.

काळीचे दुखणे निराळे. तिच्या काळिम्यात रंग जवळजवळ नसतोच. तरीही संपूर्ण चित्राची संपृक्तता ताणली की आभाळाची निळसर झाक तिच्या अंगावर जांभळी होऊन उमटते आणि सावल्यांत रंगीत कण दिसू लागतात. तिथे केवळ काळीवर मास्क, म्हणजे बदल तेवढ्याच भागापुरता राखणारे आवरण, घालून सॅच्युरेशन खाली आणावे लागते.