विश्लेषण : सरकारी गुपित फुटले की पक्षांची भाषा का बदलते?

कोल्हापूर : गोपनीय कागद बाहेर आला की विरोधक त्याला पुरावा म्हणतात, सत्ताधारी चोरी. खुर्च्या बदलल्या की शब्दांचीही अदलाबदल होते.

राफेलच्या वेळी काय झाले?

फेब्रुवारी 2019 मध्ये राफेल खरेदीविषयी संरक्षण मंत्रालयातील टिपणे ‘द हिंदू’ने छापली. काँग्रेसने त्यावरून सरकारला धारेवर धरले. केंद्राने कागद चोरीचे असल्याचे सांगत 1923 च्या शासकीय गोपनीयता कायद्याकडे बोट दाखवले. 10 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला. खरेदीच्या चौकशीची मागणी करणाऱ्या फेरविचार याचिका मात्र नोव्हेंबरमध्ये फेटाळल्या गेल्या.

महाराष्ट्रात काय घडले?

मार्च 2021 मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पोलिस बदल्यांतील कथित गैरव्यवहारावरील गोपनीय अहवाल उघड केला. तेव्हा काँग्रेस राज्यात सत्तेत होती. अहवाल फुटल्याबद्दल त्याच 1923 च्या कायद्याखाली अज्ञातांविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला. सत्तांतरानंतर जुलै 2022 मध्ये तपास सीबीआयकडे गेला.

कायदा काय सांगतो?

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(2) नुसार, गोपनीयतेतून जपल्या जाणाऱ्या हितापेक्षा जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. पण हे कलम माहिती मागणाऱ्या नागरिकासाठी आहे. गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणारा कायदा 2014 मध्ये संमत झाला, तरी वर्षानुवर्षे लागू झाला नाही. कागदाचा लाभ पक्षांना मिळतो. नोकरी जाण्याची आणि तुरुंगाची टांगती तलवार तो बाहेर आणणाऱ्यावर राहते.