गॅलरीतली मेथी आणि मोबाइलचा अलार्म

सांगली असो नाहीतर सातारा, कहाणी सेम! सकाळी नऊला ऑफिस, रात्री आठला घरी. वीकएण्डला हौसेने आणलेलं टोमॅटोचं रोप पंधरा दिवसांत मान टाकतं. बहुतेक वेळा कारण एकच, पाणी. कमी, नाहीतर जास्त.

मग आपण गॅजेटकडे वळतो. मोबाइलमध्ये रिमाइंडर, कुंडीत ओलावा मोजणारा सेन्सर. एकदम कूल! पण गोम अशी की, रिमाइंडरला तारीख कळते, पाऊस कळत नाही. जुलैत साताऱ्यात झड लागलेली असते, तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडे लोक ढगांकडे डोळे लावून बसलेले असतात. दोन्हीकडे एकच अलार्म कसा चालेल? सेन्सरचंही तसंच. मातीसाठी बेतलेला सेन्सर कोकोपीटमध्ये खोचला, की आकडे चुकतात. आधी कोरड्या, मग पूर्ण भिजलेल्या मिश्रणात तपासून त्याची हद्द ठरवावी लागते.

म्हणजे टेक्नॉलॉजी नकोच? छे! फक्त तिने हुकूम सोडू नयेत, प्रश्न विचारावेत. याचा धडा आपल्याच भागात आहे. साताऱ्याच्या दाभोळकर कुटुंबातले, गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, तेव्हा मोबाइल कुठे होते? द्राक्षवाले शेतकरी पत्रांतून आपले प्रयोग एकमेकांना कळवायचे. एकाला जमलेलं दुसरा स्वतःच्या मळ्यात पडताळून बघायचा. हेच विचार घेऊन प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या किचनच्या गच्चीवर ओला कचरा मुरवून भाज्या-फळं पिकवायला सुरुवात केली.

तेव्हा चांगलं गार्डनिंग अ‍ॅप 'पाणी घाला' म्हणून थांबणार नाही. ते विचारेल, बोट पेरभर खुपसलं तर ओल लागते का? ऊन किती तास? पानं पिवळी पडलीत का? आणि शेजारच्या गल्लीत कुणाची मेथी कशी आली, तेही दाखवेल.

असं अ‍ॅप मिळेपर्यंत? सोसायटीतल्या चौघांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा. रोज एक फोटो आणि दोन ओळी टाका: पाणी किती, ऊन किती. रसवंतीवाल्याकडून उसाचं चिपाड आणा, वाळवून, बारीक करून कुंडीच्या तळाशी घाला. वजन कमी भरतं. वर खतमाती, त्यात मेथीदाणे. साधारण महिन्याभरात जुडी हातात. आणि नाही आली, तर का नाही आली, तेही ग्रुपवर टाका. पुढच्याची वाचेल ना!