कपातले दही आणि प्रथिनांचा भाव

दही ही आपल्याकडे विकत घेण्याची वस्तू नव्हती. फार तर विरजण शेजारून मागून आणावे लागे. आता तेच दही आंबा, स्ट्रॉबेरी, व्हॅनिला अशा स्वादांत, प्लॅस्टिकच्या कपात, झाकणावर ‘हाय प्रोटीन’ अशी ठळक अक्षरे मिरवीत दुकानाच्या फ्रीजमध्ये येऊन बसले आहे. मुंबई-पुण्याच्या बाजारातली ही चाल धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गावी पोचली, यात नवल नाही. अभ्यासिकेत दिवस काढणारे विद्यार्थी, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी मुले आणि सकाळची एस.टी. गाठण्यासाठी न जेवता घर सोडणारे शिक्षक व कारकून हे त्याचे गिऱ्हाईक. मधल्या वेळच्या खाण्यास हा पदार्थ कसा, असे विद्यार्थी विचारतात. अर्थशास्त्राच्या माणसाने उत्तर भावात शोधावे हे ओघानेच आले. परंतु आधी वस्तू काय आहे ते पाहणे बरे.

या दह्यात परदेशी असे फार थोडे आहे. दही फडक्यात बांधून टांगले की पाणी निथळून चक्का उरतो. ‘ग्रीक योगर्ट’ या नावाने जे खपते ते मूलतः हेच. तुर्कस्तानातून अमेरिकेत गेलेल्या हमदी उलुकाया या गृहस्थाने 2005 साली न्यूयॉर्क राज्यातील क्राफ्ट कंपनीचा एक जुना कारखाना विकत घेतला, 2007 मध्ये ‘चोबानी’ हे दही बाजारात आणले आणि काही वर्षांतच तेथील दह्याच्या व्यापाराची घडी बदलली. (अशा कारखान्यांतून निथळणाऱ्या आंबट पाण्याचे करावयाचे काय, हा त्या राज्यापुढे मोठा प्रश्न होऊन बसला. आपल्याकडे ते पाणी कढीत नाही तर कणकेत जिरते.) साध्या दह्याच्या 100 ग्रॅममध्ये 3 ते 4 ग्रॅम प्रथिने असतात. ते प्रमाण वाढविण्याचे मुख्य मार्ग तीन: पाणी निथळू द्यावे, दुधाची भुकटी घालावी, किंवा चीज करताना उरणाऱ्या निवळीतून काढलेली प्रथिने वरून मिसळावीत. कोणता मार्ग पत्करला आहे, हे कपावरील घटकांच्या यादीत बारीक अक्षरात लिहिलेले असते. आपण ते वाचत नाही, इतकेच.

‘हाय प्रोटीन’ हे शब्द मात्र कोणी मनास येईल तसे छापू शकत नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे घन पदार्थाच्या 100 ग्रॅममध्ये दैनंदिन गरजेच्या किमान 20 टक्के प्रथिने असतील तरच तसा दावा करता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये 65 किलो वजनाच्या पुरुषाची रोजची गरज सुमारे 54 ग्रॅम ठरविली. म्हणजे शरीराच्या किलोमागे 0.83 ग्रॅम. या हिशेबाने 100 ग्रॅम दह्यात जवळजवळ 11 ग्रॅम प्रथिने असावयास हवीत. कप 100 ग्रॅमचा आहे की त्याहून लहान, हेही पाहावे. आणि स्वादाच्या दह्यात वरून घातलेली साखर किती, हा आकडा वेष्टनावर स्वतंत्र दिलेला असतो, तो तर आधी पाहावा. दुधाची स्वतःची साखर वेगळी. प्रथिनांच्या नावाखाली श्रीखंड खाल्ले जाऊ नये, एवढ्यासाठी ही खबरदारी.

आता भाव. राज्य शासनाने ऑक्टोबर 2024 मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे 28 रुपये दर आणि वर 7 रुपये अनुदान अशी व्यवस्था केली होती. म्हणजे उत्पादकाच्या हाती 35 रुपये. गायीच्या लिटरभर दुधात सुमारे 32 ग्रॅम प्रथिने असतात, तेव्हा गोठ्यावर प्रथिनाचा भाव ग्रॅमला रुपयाच्या आसपास पडला, आणि त्यात स्निग्धांश, साखर, चुना हे सारे फुकट! आपल्या कपातील 11 ग्रॅम प्रथिनांसाठी लागणारे दूध 12 रुपयांचे. कपाची किंमत समजा 50 रुपये आहे. (वाचकांनी आपल्या गावच्या दुकानातील किंमत घालून हा हिशेब पुन्हा करावा.) उरलेले 38 रुपये कारखाना, कप, स्वाद, शीतवाहतूक, जाहिरात, दुकानदार, कर आणि नफा यांत वाटले जातात. दुधातील मलई वेगळी विकली गेली असेल, तर तिचे उत्पन्न निराळेच. ही लूट आहे असे मी म्हणत नाही. थंड ठेवणे, नासू न देणे, हाती देणे यांना खर्च असतो. मात्र गिऱ्हाईक प्रथिनांचा म्हणून जो पैसा मोजतो, त्याचा मोठा भाग सोयीचा असतो, हे त्याला ठाऊक असावे.

ही सोय तरी कितपत खरी? 50 ग्रॅम फुटाण्यांत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने असतात, 40 ग्रॅम शेंगदाण्यांत तितकीच. किलोला दीडशे रुपये भाव धरला तर पहिल्यास साडेसात रुपये पडतात, दुसऱ्यास सहा. दोन्ही खिशात राहतात, त्यांना फ्रीज लागत नाही, चमचा लागत नाही. याउलट वैशाखात दोन तास पिशवीतून प्रवास केलेल्या दह्याची हमी कोणी देणार नाही. कपाची सोय फ्रीजपासून चार पावलांपर्यंतच चालते. तरीही दह्याची बाजू अगदीच दुबळी नाही. दुधाची प्रथिने पचनास आणि गुणवत्तेने सरस असतात. शेंगदाण्यांसोबत सव्वादोनशे कॅलरी येतात, त्या दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनास नको असतील. आणि या माणसाचा दुसरा पर्याय पुष्कळदा फुटाणे नसून वडापाव किंवा चहा-बिस्किटे हा असतो. त्याने बिनसाखरेचा कप घेतला तर पैसे वाया गेले असे म्हणता येणार नाही. ज्याच्या घरी वेळ आहे त्याने रात्री दही टांगून ठेवावे. लिटरभर दुधाच्या दह्यातून साधारण साडेतीनशे ग्रॅम चक्का मिळतो. प्रथिने सुमारे 8 टक्के. कायद्याच्या भाषेत हे ‘हाय प्रोटीन’ नव्हे, पण पोटाला कायदा कळत नाही. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी डब्यातील भुकटीच्या नादी लागू नये, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहेच.

प्रथिनांचा हा बोलबाला पहिलाच नव्हे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी गरीब देशांत प्रथिनांचा तुटवडा आहे, असे आंतरराष्ट्रीय परिषदांतून घोषित झाले आणि प्रथिनयुक्त बिस्किटांच्या व पिठांच्या योजना निघाल्या. त्यास ठामपणे हरकत घेणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे होते. राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेचा सांख्यिकी विभाग त्यांनी सांभाळला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, धान्य-डाळीचे नेहमीचे जेवण पोटभर मिळाले तर प्रथिने बहुधा पुरेशी मिळतात. अर्धपोटी माणसाच्या शरीरात प्रथिनेही इंधन म्हणून जळून जातात. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 च्या आपल्या अभ्यासात दारिद्र्याची रेषा 2250 कॅलरींवर आखली, आणि पुढे किती उष्मांक पुरे यावरून दांडेकर-सुखात्मे वाद रंगला तो निराळा. सुखात्म्यांच्या म्हणण्यात आज भर घालावी लागेल ती एवढीच की, ताटात भाकरी वाढली आणि वरण पातळ झाले तर बेरीज जुळत नाही. ज्वारीत लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. दोन्ही सोबत हवीत.

आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की येथे प्रथिनांची वाण नाही. खरिपात सोयाबीन हेच मुख्य पीक, आणि त्यात 35 ते 40 टक्के प्रथिने. तेल काढल्यावर पेंड कोंबड्यांच्या खाद्याला आणि परदेशी जाते. तूर, हरभरा बाजार समितीतून बाहेर जातो. भूम तालुक्यात, कुंथलगिरीच्या परिसरात, दुधाचा खवा होतो. त्यामागे जुने आर्थिक शहाणपण आहे: बाजारपेठ दूर, दूध टिकत नाही, म्हणून पाच लिटर आटवून किलोभर करावयाचे आणि मग धाडावयाचे. खवा ही उत्पादकाने शोधलेली सोय. दूध शीतकेंद्रावरून बाहेर जाऊन कपात परत येते, ती सोय दुसऱ्याने शोधलेली, आणि तिची किंमत आपण देतो. भूम-परंड्याच्या दूध संस्थांनी साधा, बिनसाखरेचा चक्का जिल्ह्याच्या गावी रोज पोचविला, तर वाटेतील खर्चाचा काही वाटा येथेच राहील. भांडवल फार लागेल असे नाही. शीतपेट्या आणि नियमित वीज मात्र लागेल.

हे झाले पगारदारांचे. 2018 साली केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपले नाव घातले, त्या कार्यक्रमात आरोग्य व पोषण हा एक विषय आहे. शालेय पोषण आहाराच्या नियमाप्रमाणे प्राथमिक शाळेतील मुलाला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावयाची असतात. धान्य वेगळे मिळते, आणि डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या सर्वांसाठी 1 मे 2025 पासून ठरलेला खर्च मुलामागे 6 रुपये 78 पैसे आहे. कपातील दह्याएवढी प्रथिने, पोटभर जेवणासह, त्या कपाच्या सातव्या हिश्श्यात! नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्यांस केळे, असे सुरू केले. जानेवारी 2025 च्या निर्णयाने त्यासाठीचा शासकीय निधी थांबवून ते लोकसहभागावर सोपविले. एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिने. पटावर शंभर मुले असलेल्या वस्तीशाळेने लोकसहभाग कोणाकडे मागावयाचा? आपल्या निधीतून हा खर्च उचलता येईल काय, याचे उत्तर जिल्हा नियोजन समितीने पुढच्या बैठकीत द्यावयास हरकत नसावी.