गळाची काठी प्रवासात का मोडते?

गळाची काठी मोठ्या माशाच्या ओढीने मोडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. काठी मोडते ती पाण्यावर, हे खरे. परंतु तिला तडा गेलेला असतो तो पुष्कळदा त्याआधी, मोटारीच्या दारात, रेल्वेच्या बाकाखाली किंवा सामानाच्या ढिगात. तडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोष माशाला किंवा काठी बनविणाऱ्याला दिला जातो.

महाराष्ट्रातून उत्तर प्रदेशातील बबीना येथे जाणाऱ्यांच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. झाशीच्या दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या या छावणीत महाराष्ट्रातील सैनिक बदलीवर जात असतात, आणि झाशी परिसरात मराठी कुटुंबांचा वास तर पेशवाईपासूनचा आहे. जवळून बेतवा वाहते. रायसेन जिल्ह्यात उगम पावून हमीरपूरजवळ यमुनेला मिळणाऱ्या या नदीवर बबीनाजवळच सुकवा-ढुकवाचा जुना बंधारा आहे. कोकणात लहानपणापासून गरवण्याची सवय असलेला माणूस असे पाणी पाहून आपली काठी सोबत नेणारच. मात्र तिकडे पोहोचल्यावर मोडक्या काठीचा सुटा भाग हाताशी मिळेल, याची खात्री धरता येत नाही.

आजच्या बहुतेक काठ्या कार्बन तंतू किंवा काचतंतू राळेत बसवून तयार केलेल्या पोकळ नळ्या असतात. यांतील बहुतांश तंतू लांबीच्या दिशेने जातात. नळीभोवती आडवे वेढणारे तंतू तुलनेने थोडे असतात. त्यामुळे काठी कमानीसारखी वाकते तेव्हा ती मोठा ताण सहज पेलते, पण बाजूने चिमटली गेली तर लवकर दबते. नळीचा गोल आकार क्षणभर चपटा झाला की भिंतीत केसासारखी चीर पडते. पुढे काठी वाकली की सगळा ताण त्या चिरेपाशी गोळा होतो आणि किलोभर वजनाच्या माशानेही ती तुटते. शिशाचे वजन किंवा धातूचा चमचा हेलकावत काठीवर आपटणे हेही तितकेच घातक. काचतंतूची काठी जड असते. तथापि असा मार ती अधिक सोसते. वारंवार प्रवास करणाऱ्याने महागड्या कार्बन काठीपेक्षा मध्यम प्रतीची काचतंतूची काठी घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रेल्वेतील शायिकेची लांबी सुमारे १८० सेंटीमीटर असते. सात फुटांची अखंड काठी म्हणजे २१३ सेंटीमीटर. ती तिरपी ठेवावी लागते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत येते. आठ फुटांच्या दोन तुकड्यांच्या काठीचा प्रत्येक तुकडा सुमारे १२२ सेंटीमीटर भरतो व खालच्या शायिकेखाली व्यवस्थित मावतो. तीन-चार तुकड्यांची काठी बदलीच्या नोकरीत सर्वांत सोयीची.

रेल्वेच्या संदर्भात एक इशारा इतर सर्व सूचनांपेक्षा महत्त्वाचा आहे. कार्बन हा विजेचा वाहक आहे. मुंबई-भुसावळ-इटारसी-भोपाळ-झाशी या मार्गावर रुळांवरील तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो आणि ती तार रुळांपासून जेमतेम साडेपाच मीटर उंच असते. एवढ्या दाबाची वीज अंतर तोडून उडी घेते. तारेला प्रत्यक्ष स्पर्श होण्याचीही आवश्यकता नसते. म्हणून जोडलेली काठी फलाटावर किंवा पादचारी पुलावर कधीही उभी धरू नये. ती घरीच सोडवून आवरणात बंद करावी व आडवी, कमरेच्या खाली धरून न्यावी. शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारांखालीही हाच नियम पाळावा. येथे प्रश्न काठीच्या नव्हे, माणसाच्या जिवाचा आहे.

नळीचे आवरण

कापडी पिशवी ओरखडे टाळते, दाब टाळत नाही. दाबासाठी कठीण नळीच हवी, आणि ती विकत आणण्याचे कारण नाही. सिंचनाची जलवाहिनी टाकताना उरलेला पीव्हीसी नळाचा तुकडा बहुतेक शेतकऱ्यांकडे पडून असतो. एका काठीसाठी ७५ मिलिमीटर व्यासाचा, दोन-तीन काठ्यांसाठी ११० मिलिमीटरचा नळ घ्यावा. मात्र कापण्यापूर्वी काठीवरची सर्वांत मोठी रिंग त्यातून जाते की नाही, हे पाहावे. सर्वांत लांब तुकड्यापेक्षा नळी सुमारे पाच सेंटीमीटर अधिक ठेवावी. एका टोकाला टोपण सोल्युशनने कायमचे चिकटवावे, दुसरे काढता-घालता येईल असे ठेवून पट्ट्याने बांधावे. दोन्ही टोकांना आतून फोमची जाड गादी द्यावी. टोपणाला एक बारीक छिद्र पाडल्यास आत दमटपणा कोंडत नाही.

भरताना प्रथम रीळ काढून वेगळे गुंडाळावे. गळ व वजने काठीला अडकवून ठेवू नयेत; तंगूस रिळावर पूर्ण गुंडाळून घ्यावा. तुकडे एकमेकांशेजारी असे लावावेत की नाजूक शेंडा बुंध्याच्या टोकापेक्षा दोन बोटे आत राहील. मग नळी आपटली तरी धक्का बुंधा घेतो. दोन ठिकाणी मऊ कापडी पट्टीने बांधावे. रबराचे छल्ले घट्ट आवळण्याची सवय अनेकांना असते. उन्हात ते वितळून चिकटतात, शिवाय रिंगांचे पाय वाकवतात. नळीत काठी खुळखुळत असेल तर जुन्या धोतराचा किंवा साडीचा तुकडा भोवती गुंडाळावा.

विमानाने जाणाऱ्यांनी आपल्या कंपनीची सामानाच्या मापाची मर्यादा आधी पाहावी. लांबी, रुंदी व उंची मिळून १५८ सेंटीमीटर हे माप अनेक ठिकाणी धरले जाते. गळ आणि चाकू हातातील सामानात ठेवू नयेत.

ऊन, धूळ आणि ओल

बुंदेलखंडातील उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. उभ्या असलेल्या बंद मोटारीत ते ६० अंशांच्याही वर पोहोचते. रिंगांवरील दोऱ्याचे वेढे ज्या इपॉक्सीने पक्के केलेले असतात, ते अशा उष्णतेत मऊ पडते आणि शेंड्याची रिंग फिरून वाकडी होते. काठी वाकवून दारात अडकवलेली असेल, तर तो बाकही काही अंशी कायम राहू शकतो. मोटारीत काठी ठेवायची ती सावलीच्या बाजूला, इतर सामानाच्या वर. दार लावण्यापूर्वी शेंडा कोठे आहे हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

तेथील लाल मातीची बारीक धूळ तुकड्यांच्या सांध्यात शिरली की सांधा घासून सैल होतो. दोन्ही बाजू कोरड्या फडक्याने पुसून नर सांध्यावर मेणबत्तीचे किंचित मेण घासावे. अडकलेला सांधा रिंगांना धरून पिळू नये.

बांबूची काठी वापरणारे आजही पुष्कळ आहेत, आणि बुंदेलखंड व विदर्भ या दोन्ही प्रदेशांत आढळणारा भरीव बांबू त्यासाठी उत्तम. याला चिमटण्याचे भय कमी, पण दमट जागी बुरशी आणि पोखरणारे भुंगेरे हे त्याचे शत्रू होत. अशी काठी बंद नळीत दीर्घकाळ ठेवू नये. प्रवास संपताच मोकळ्या हवेत टांगावी.

ओल हा केवळ काठीचा प्रश्न नाही. ओली मूठ, ओली पिशवी आणि ओला तंगूस यांबरोबर एका पाण्यातील वनस्पतींचे तुकडे, गोगलगायी व रोगजंतू दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतात. भारतात १९८८ च्या सुमारास पसरलेल्या माशांच्या व्रणरोगाने तळ्यांची व नद्यांची किती हानी केली, हे मत्स्यपालकांना ठाऊक आहे. कोकणातील खाडीत किंवा गावच्या तळ्यात वापरलेले साहित्य गोड्या पाण्याने धुऊन, निदान दोन दिवस पूर्ण वाळवून मगच नळीत भरावे. बेतवेवरून परतताना पुन्हा तसेच करावे.

बबीनाला पोहोचल्यावर काठी जोडून थेट नदीवर जाऊ नये. प्रत्येक रिंगेच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकले तर आतील कड्याला तडा आहे आणि तो तंगूस कापणार, हे निश्चित. नखाने काठीची संपूर्ण लांबी चाचपावी. नंतर शेंडा सोबत्याच्या हाती देऊन काठी हलकेच वाकवावी व कान द्यावा. कट् असा बारीक आवाज आला तर ती काठी त्या दिवशी बाजूला ठेवावी. सोबत शेंड्याच्या दोन सुट्या रिंगा, गरम करून लावण्याच्या गोंदाची कांडी आणि लायटर असल्यास मोडलेला शेंडा दहा मिनिटांत दुरुस्त होतो. काठी दोन-चार इंच आखूड होते, इतकेच. मासेमारीचा परवाना कोणत्या भागापुरता व कोणत्या महिन्यांपुरता आहे, याची चौकशी स्थानिक मत्स्य विभागाकडे करावी. पावसाळा हा माशांच्या प्रजननाचा काळ आहे. बबीनाभोवती लष्कराच्या गोळीबार सरावाचे विस्तीर्ण क्षेत्र असल्याने नदीकाठाच्या कोणत्या वाटा खुल्या आहेत, हेही छावणीतच विचारून निघावे.