कठड्याचे बळ कोठे असते?

घराच्या बांधकामात कठडा बहुधा सर्वांत शेवटी बसवला जातो आणि त्याची निवडही पुष्कळदा केवळ शोभेच्या दृष्टीने केली जाते. रंग कोणता असावा, गज गोल असावेत की चौकोनी, वरची दांडी किती रुंद असावी, या गोष्टींचा विचार आधी होतो. परंतु ज्या प्रसंगासाठी कठडा उभारलेला असतो तो प्रसंग अगदी निराळा असतो. पावसाने ओल्या झालेल्या पायरीवर एखाद्या वृद्धाचा पाय घसरतो, खेळण्याच्या भरात एखादे मूल धावत येऊन कठड्यावर आदळते, किंवा गप्पांत रंगलेली चारपाच माणसे एकाच वेळी त्यावर रेलतात. अशा वेळी कठडा ही शोभेची वस्तू उरत नाही. माणूस आणि खालची जमीन यांच्यामधील तो एकमेव आधार असतो. म्हणूनच कठड्याचे बळ नेमके कोठे असते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर असे की, ते बळ दिसणाऱ्या भागापेक्षा न दिसणाऱ्या भागात अधिक असते.

हा प्रश्न ज्या बांधकामाच्या संदर्भात विशेष अभ्यासला गेला, ते म्हणजे अमेरिकेतील ‘डेक’. आपल्याकडील ओटा किंवा सज्जा यांच्याशी त्याचे थोडेफार साम्य आहे. घराला लागून, उघड्या हवेत, लाकडी खांबांवर व तुळयांवर फळ्या अंथरून तयार केलेला चौथरा म्हणजे डेक. त्यावरून अंगणात उतरण्यासाठी लहानसा जिना असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांभोवती जी उपनगरे वाढली त्यांतील घरांना असे डेक जोडण्याची प्रथा उत्तर अमेरिकेत सर्वत्र पसरली. ऊन, पाऊस आणि हिम यांचा मारा सतत सोसणारे हे बांधकाम टिकवण्यासाठी लाकडात दाबाखाली रसायने मुरवण्याची पद्धत उपयोगी पडली. त्यांपैकी सर्वाधिक वापरले गेलेले रसायन तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे मिश्रण होते आणि ते १९३३ मध्ये सोंती कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने शोधून काढले होते. पुढे आर्सेनिकच्या विषारीपणाविषयी चिंता वाढली आणि २००३ च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडासाठी हे मिश्रण वापरणे अमेरिकेतील उत्पादकांनी थांबवले. त्याच्या जागी ज्यांत तांब्याचे प्रमाण अधिक आहे अशी रसायने आली. ही नवी रसायने साध्या पोलादी खिळ्यांना व बोल्टांना लवकर गंजवतात. म्हणून अशा लाकडात जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे बोल्टच वापरावे लागतात.

याच सुमारास लाकडाला एक नवा पर्याय पुढे आला. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, बहुधा पॉलिथिलीन, एकत्र वितळवून साच्यातून काढलेल्या या द्रव्याला संमिश्र असे म्हणतात. टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि लाकूडकामात उरलेला भुसा यांचाही त्यात उपयोग होतो. ‘मोबिल’ या तेल कंपनीच्या अशा उत्पादनांचा विभाग १९९६ मध्ये वेगळा होऊन ‘ट्रेक्स’ ही कंपनी निघाली आणि त्यानंतर संमिश्राच्या फळ्या व कठडे यांचा प्रसार वेगाने झाला. संमिश्राला वर्षाकाठी रंग द्यावा लागत नाही, त्याची कुसळे निघत नाहीत आणि वाळवीचा उपद्रवही त्याला फारसा होत नाही.

मात्र त्याच्या या गुणांमुळे एक गैरसमज रूढ होण्याचा संभव असतो. संमिश्र टिकाऊ आहे याचा अर्थ ते ताठ व बळकट आहे असा होत नाही. त्याच जाडीच्या चांगल्या लाकडापेक्षा ते अधिक वाकते, आणि भार दीर्घकाळ राहिल्यास, विशेषतः उन्हाळ्यात, हळूहळू झोल धरते. या कारणास्तव संमिश्राच्या कठड्यातील खांब बहुधा संमिश्राचा नसतोच. आत रसायन मुरवलेल्या लाकडाचा किंवा धातूचा खांब असतो आणि त्यावर संमिश्राची पोकळ खोळ चढवलेली असते. पाहणाऱ्याला जो खांब दिसतो ते केवळ आवरण असते.

आता या खांबाला काय सोसावे लागते ते पाहू. अमेरिकेतील निवासी इमारतींच्या आदर्श नियमावलीनुसार, चालण्याची पातळी जमिनीपासून सुमारे ७६ सेंटिमीटरहून अधिक उंच असेल तर कठडा आवश्यक ठरतो. त्याची उंची निदान ९१ सेंटिमीटर असावी लागते आणि त्याच्या माथ्यावर कोणत्याही दिशेने सुमारे ९० किलोग्रॅम भाराइतका रेटा आला तरी तो टिकला पाहिजे. हा आकडा मोठा वाटत नाही. एका धडधाकट माणसाच्या वजनाहून तो फारसा अधिक नाही. परंतु कठड्याचा खांब ही एक तरफ आहे. पहारीच्या लांब टोकाला थोडा जोर लावून जड दगड उचलता येतो, त्याच न्यायाने खांबाच्या माथ्यावरील थोडा रेटा पायथ्याशी अनेक पटींनी वाढतो.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. समजा, खांब डेकच्या कडेच्या तुळईला दोन बोल्टांनी जोडला आहे. वरचा बोल्ट डेकच्या पृष्ठभागाखाली ५ सेंटिमीटरवर आहे आणि खालचा त्याच्याखाली १२ सेंटिमीटरवर. कठड्याचा माथा पृष्ठभागापासून ९२ सेंटिमीटर उंच धरला, तर खालच्या बोल्टापासून माथ्याचे अंतर १०९ सेंटिमीटर होते. बाहेरच्या दिशेने ९० किलोग्रॅमचा रेटा आल्यास वरच्या बोल्टावर येणारी ओढ ९० गुणिले १०९ भागिले १२, म्हणजे ८०० किलोग्रॅमहून अधिक भरते. माथ्यावर एक माणूस रेलला असता पायथ्याशी जणू नऊ माणसे तो बोल्ट ओढत असतात.

ही ओढ एकट्या कडेच्या तुळईने सोसावी अशी अपेक्षा करणे चूक आहे. ती तुळई बहुधा आतल्या तुळयांच्या टोकांना केवळ खिळ्यांनी ठोकलेली असते, आणि लाकडाच्या टोकात, तंतूंच्या दिशेने ठोकलेला खिळा सहज उपसला जातो. खांब बाहेर ओढला गेला की तुळई पिळली जाते आणि खांब, तुळई व कठडा मिळून बाहेर कलतात. म्हणून अनुभवी सुतार खांबाच्या मागे तुळयांमध्ये आडवे ठोकळे बसवतो आणि पोलादी जोडपट्टीने वरच्या बोल्टाची ओढ थेट आतल्या तुळईपर्यंत पोहोचवतो. बोल्ट खांबाच्या आरपार जाणारे असावेत आणि त्यांच्या नटाखाली रुंद चकत्या असाव्यात. नुसते स्क्रू तेथे पुरेसे होत नाहीत. खांब तुळईवर नीट बसावा म्हणून त्याला खाच पाडण्याची जुनी रीतही टाळावी लागते. कारण जेथे ताण सर्वाधिक असतो, नेमके तेथेच त्या खाचेमुळे लाकूड कमी होते.

खांब ओळंब्यात उभे राहिले की उरलेले काम तुलनेने सोपे असते. प्रत्येक खांबावर खोळ सरकवली जाते आणि आतली मोकळी जागा पातळ पट्ट्यांनी भरून ती स्थिर केली जाते. दोन खांबांमधील अंतर उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत, बहुधा १.८ किंवा २.४ मीटरच्या आत, ठेवावे लागते. खालची दांडी लांब असल्यास तिच्या मध्याखाली आधाराचा एक छोटा ठोकळा देतात. अन्यथा कालांतराने ती खाली झुकते. दांड्यांच्या टोकांजवळ स्क्रू घालण्यापूर्वी गिरमिटाने भोक पाडून घेतले नाही, तर संमिश्र तडकण्याची भीती असते.

येथे उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा विचारही आवश्यक आहे. लाकूड मुख्यतः ओलाव्याने आणि तेही रुंदीत फुगते, तर संमिश्र उष्णतेने लांबीतही वाढते. हिवाळ्याच्या थंडीत कापलेली २.४ मीटर लांबीची दांडी कडक उन्हाळ्यात साधारण ३ ते ५ मिलिमीटर वाढू शकते. दोन्ही टोके खांबांना घट्ट टेकवून बसवल्यास या वाढीला वाव राहत नाही आणि दांडी मध्येच फुगीर होते. म्हणून काम चालू असतानाच्या हवामानानुसार टोकांशी थोडी फट सोडतात आणि ती जोडावरील झाकणाखाली झाकली जाते.

दोन गजांमधील अंतराचा नियम लहान मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा गोल कठड्याच्या कोणत्याही फटीतून पलीकडे जाता कामा नये. लहान मुलाचे शरीर ज्या फटीतून निसटते, तिच्यात त्याचे डोके अडकू शकते किंवा ते संपूर्णच पलीकडे पडू शकते, हे त्यामागील कारण होय.

जिन्याकडे वळल्यावर या सर्व गोष्टी तिरप्या होतात आणि चुकांची शक्यता वाढते. सपाट जागेवरचा तयार कठडा वाकवून जिन्यावर बसवता येईल, असे नवख्याला वाटते. पण गज दोन्ही ठिकाणी ओळंब्यातच उभे राहिले पाहिजेत आणि जिन्यावर ते तिरप्या दांडीला मिळतात. पायरीची उंची १८ व खोली २७ सेंटिमीटर असेल, तर तिरप्या रेषेची लांबी सुमारे ३२.५ सेंटिमीटर, म्हणजे खोलीच्या १.२ पट होते. सपाट भागावर गजांची मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरे १२ सेंटिमीटर असतील, तर तीच फट राखण्यासाठी जिन्याच्या दांडीवरील भोके सुमारे १४.४ सेंटिमीटर अंतरावर आणि तिरकस पाडलेली असावी लागतात. जिन्याच्या कठड्याचा संच वेगळा विकला जातो, त्याचे कारण हेच.

दांडीचा उतार कोष्टकातून काढण्याची गरज नसते. सुतार खालची दांडी सरळ पायऱ्यांच्या कडांवर ठेवतो, ती दोन्ही खांबांना जेथे भिडते तेथे खुणा करतो आणि त्या खुणांवर करवत चालवतो. जिना प्रत्यक्षात जसा बांधला गेला आहे तसाच कोन त्यामुळे मिळतो. नकाशातला कोन आणि प्रत्यक्षातला कोन पुष्कळदा एकसारखे नसतात. पायरीची आडवी फळी, उभी फळी आणि खालची दांडी यांच्यामध्ये जी त्रिकोणी जागा उरते, तिच्यातून सुमारे १५ सेंटिमीटरचा गोल जाऊ नये, असा नियम आहे. म्हणून दांडी पायऱ्यांपासून फार वर उचलता येत नाही.

जिन्यावर आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. माणसाला पडण्यापासून अडवणे हे कठड्याचे काम आणि तोल जाताना हाताला पकड देणे हे हातदांडीचे काम. संमिश्राच्या कठड्याची वरची दांडी बहुधा रुंद व सपाट असते. तिच्यावर कोपर टेकता येते, पण घसरणाऱ्या माणसाची बोटे तिच्याभोवती मिटत नाहीत. म्हणून चार किंवा अधिक चढांच्या जिन्यावर, पायऱ्यांच्या कडांपासून ८६ ते ९७ सेंटिमीटर उंचीवर, मुठीत मावणारी वेगळी दांडी लावावी लागते. गोल दांडी असल्यास तिचा व्यास ३ ते ५ सेंटिमीटर असतो. याशिवाय जिन्याच्या तळाशी असलेला खांब हा सगळ्यांत दुबळा असतो, कारण त्याला धरण्यासाठी बाजूच्या एका तिरप्या फळीवाचून फारसे काही नसते. उतरणारा माणूस शेवटच्या पायरीवर आपला भार त्यावरच टाकतो. अनेक सुतार या खांबाचा पाया जमिनीत काँक्रीटमध्ये घेतात, ते यासाठीच.

कठडा उभा राहिल्यावर त्याचे हे सारे बळ खोळीच्या व फळ्यांच्या आड जाते, आणि धोकाही तेथेच लपतो. संमिश्राची खोळ दहा वर्षांनंतरही नव्यासारखी दिसू शकते. पण तिच्या आत पाणी साचले तर लाकूड कुजते आणि बोल्ट गंजतात. म्हणून खांबाच्या माथ्यावरचे झाकण पक्के असावे आणि आत शिरलेल्या पाण्याला खालून निघून जाण्यास वाट असावी. लाकडाची ही अदृश्य कूज किती घातक ठरू शकते, हे १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे दिसून आले. तेथील एका निवासी इमारतीच्या उंच मजल्यावरील सज्जा कोसळून सहा तरुण मृत्युमुखी पडले आणि सात जण जखमी झाले. सज्जा पेलणाऱ्या तुळया पाणी मुरून आतून कुजल्या होत्या. त्यानंतर २०१८ मध्ये त्या राज्याने कायदा करून अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींतील लाकडी आधारांचे सज्जे, जिने आणि त्यांचे कठडे यांची ठराविक मुदतीने तपासणी सक्तीची केली.

घरमालकालाही काही तपासणी स्वतः करता येते. प्रत्येक खांब माथ्याशी धरून आत-बाहेर जोराने हलवून पाहावा. कठड्याची दांडी थोडी लवली तर हरकत नाही; परंतु पायथ्याशी हालचाल जाणवली किंवा करकर ऐकू आली, तर फळीखाली जाऊन बोल्ट व तुळई पाहणे आवश्यक आहे. लाकडात टोचणी सहज रुतली तर ते कुजले आहे असे समजावे आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या बाजूचा वापर बंद ठेवावा. कठड्याचा रंग व आकार निवडण्यात जेवढा वेळ जातो, तेवढाच वेळ खांबाच्या पायथ्याशी खर्च झाला, तर तो कठडा प्रसंगी आपले काम करील. कारण जो भार तो पेलतो, तो शेवटी कोणाच्या तरी जिवाचा असतो.